तोशपुलात मास्तरांचं शंभर टक्के पारदर्शक हरितगृह

चिनोरली गावातल्या गुलाबाद मोहल्ल्यात, घर क्रमांक सतराच्या परसात, लिंबाची सात रोपं होती आणि त्यांच्यावर छप्पर नव्हतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. फरगाणा खोऱ्यात नोव्हेंबरच्या मध्याला पाणी गोठायला लागतं, आणि लिंबाच्या झाडाला कितीही समजावून सांगितलं तरी ते गोठलेल्या पाण्याशी जमवून घेत नाही. सबब सहा आठवड्यांच्या आत छप्पर घालणं आवश्यक होतं. कशाचं घालायचं, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

घर तोशपुलात मास्तरांचं. मास्तरांनी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. नाईल किती लांब आणि आमूदर्या किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगत. पण खरबूज आणायला बाजारात गेले की प्रत्येक फळ कानाशी नेऊन वाजवण्यात त्यांची दुपार जायची, आणि शेवटी खरबूजवालाच एक खरबूज त्यांच्या पिशवीत टाकून त्यांना घरी धाडायचा.

रोपं मात्र त्यांची नव्हती. ती त्यांच्या बायकोची, मुहाय्योची. खरं तर तिच्या भावाची. हा भाऊ लांब दक्षिणेला देनोवला राहायचा. वसंतात त्यानं स्वतःच्या हातानं कलमं बांधली, उन्हाळ्यात तो अचानक गेला, आणि सप्टेंबरात वहिनीनं ती सात रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून बसमधून पाठवून दिली. मुहाय्यो त्यांच्याविषयी फारसं बोलत नसे. रोज सकाळी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची, एवढंच.

शेजारच्या कोझिमनं मदत केली. कोझिम वेल्डर होता आणि त्याच्या घरी काचेचं जुनं ग्रीनहाऊस होतं, त्यात तो हिवाळाभर काकड्या काढायचा. दोघांनी मिळून तिकडच्या पद्धतीप्रमाणे कंबरभर खोल चर खणला, तळाशी शेणखत टाकलं, रोपं लावली. कोझिमनं वर लोखंडी अँगलची चौकट उभी करून दिली आणि म्हणाला, "आता वर काय टाकायचं ते टाका, मास्तर. दोन दिवसांचं काम आहे."

मास्तरांनी ते काम अभ्यासाला घेतलं.

प्रथम ते बाजारात काचवाल्याकडे गेले. काचवाला म्हणाला, "काच म्हणजे काच, मास्तर. माझ्या आजोबांनी बसवलेली तावदानं अजून जागची हललेली नाहीत."

"आणि गारा पडल्या तर?"

"गारा पडल्या तर ती देवाची मर्जी. काचेचा त्यात काय दोष?"

प्लास्टिकच्या कागदाचा गठ्ठा घेऊन बसलेला माणूस म्हणाला, की प्लास्टिकसारखं सुख नाही. दर वर्षी वाऱ्यानं फाटतं, दर वर्षी नवं टाकायचं, ग्रीनहाऊस कसं नेहमी ताजंतवानं दिसतं. पॉलिकार्बोनेट विकणाऱ्या बाईनं तर पत्र्याचा एक तुकडा मास्तरांच्या हातातच दिला. आत पोकळ नळ्या, त्यात हवा, त्यामुळे ऊब कोंडून राहते. एका बाजूला उन्हाचा मारा सोसणारा थर असतो, तो बाहेर ठेवायचा. उलटा लावला तर पत्रा दोन वर्षांत पिवळा पडतो.

"आणि सुलटा लावला तर?"

"तर दहा वर्षं बघायला नको. माझी गॅरंटी."

"दहा वर्षांनी तुम्ही इथं सापडाल का?"

"मी सापडेन, मास्तर," बाई त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघत म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा."

घरी येऊन मास्तरांनी आफ्रिकेचा एक जुना नकाशा उलटा केला आणि त्याच्या पाठीवर तक्ता आखला. डावीकडे काच, प्लास्टिक, पॉलिकार्बोनेट. वरती प्रकाश, ऊब, वजन, गारा, वारा, आयुष्य. प्रत्येक चौकोनात गुण. तीन वेळा बेरीज केली, तिन्ही वेळा तिघांना सारखेच गुण पडले. मग मास्तरांनी 'देखणेपणा' असा आणखी एक रकाना वाढवला.

"अहो," मुहाय्यो चहाचा प्याला ठेवत म्हणाली, "काहीही घाला. पण घाला."

"घाईत घेतलेला निर्णय आणि..."

"बावीस तारीख आहे आज."

त्याच दुपारी मोहल्ला समितीची दिलफुझा आली. ही तिशीतली चटपटीत बाई समितीची चिटणीस होती. मोहल्ल्यातल्या जन्म, लग्न, मेंढ्या आणि कोंबड्या या सगळ्यांची नोंद तिच्या हातातल्या टॅबलेटमध्ये होती. त्या वर्षी प्रांतात 'प्रत्येक अंगणी हरितगृह' ही मोहीम सुरू झाली होती, आणि दिलफुझाला संध्याकाळी पाचच्या आत चाळीस घरांची माहिती वर पाठवायची होती.

"चौकट आहे, रोपं सात, जात लिंबू," ती बोटानं टिकटिक करत म्हणाली. "आच्छादन कशाचं, मास्तर?"

"तेच ठरवतोय."

"'ठरवतोय' असं यात नाहीये. काच, प्लास्टिक, पॉलिकार्बोनेट, इतर. बोला."

"तूर्त मोकळं सोड की."

"मोकळं सोडलं तर हा रकाना लाल होऊन बसतो. पुढंच जात नाही."

"मग शनिवारी ये. तोवर ठरतं माझं."

"शनिवारी मला मेंढ्या मोजायच्यात." दिलफुझानं घड्याळ पाहिलं. "मी 'इतर' टाकते. तुमचं ठरलं की बदलून घ्या."

"बदलता येतं ना?"

"न यायला काय झालं! अर्ज केला की बदलतं," ती म्हणाली आणि कोंबड्या मोजायला शेजारी गेली.

तिनं खोटं सांगितलं नव्हतं. तिला स्वतःला तसंच वाटत होतं.

रविवारी मुहाय्योनं जाहीर केलं, की संध्याकाळपर्यंत वर काही आलं नाही तर ती पाहुण्यांच्या खोलीच्या खिडक्या उचकटून चौकटीवर ठेवणार आहे. तिनं हातोडाही बाहेर काढून ठेवला. तेव्हा मास्तरांचा निर्णय झाला. पॉलिकार्बोनेट. सोमवारी सकाळी आठ पत्रे हातगाडीवरून आले, कोझिम स्क्रूंची पिशवी घेऊन आला, मुहाय्योनं त्याच्यासाठी गरम समसे तळायला घेतले. पहिला पत्रा दोघांनी उचलला, आणि तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "थांबा! हात लावू नका!"

मोहल्ल्याचे अध्यक्ष होलमत-अका धावत येत होते. वय साठ, वजन शंभर; त्यांना धावताना मोहल्ल्यानं यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा त्यांच्यामागे बैल होता.

"मास्तर," ते धापा टाकत म्हणाले, "तुम्ही हे काय करून ठेवलंत?"

"अजून काहीच नाही केलेलं."

"तेच! तेच तर!" त्यांनी खिशातून कागद काढला. "साऱ्या प्रांतात एकेचाळीस हजार तीनशे सहा हरितगृहं. काच, प्लास्टिक, पॉलिकार्बोनेट सगळ्यांना. 'इतर' फक्त एक. तुमचं. वरून पत्र आलंय. ऐका. 'सदर नावीन्यपूर्ण आच्छादनाची प्रत्यक्ष पाहणी करण्यात येणार असून, तोपर्यंत त्यास कोणत्याही प्रकारची बाधा पोहोचणार नाही याची दक्षता घ्यावी.'"

"अहो पण होलमत-अका, तिथं काही नाहीच आहे. बाधा कशाला पोहोचणार?"

"आत्ता तुम्ही त्याच्यावर पत्रा टाकत होतात!"

कोझिमनं हातातला पत्रा हळूच खाली ठेवला. मुहाय्यो कढईजवळून म्हणाली, "आणि थंडी पडली म्हणजे?"

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, मुहाय्यो-ओपा," अध्यक्ष म्हणाले आणि वासाच्या दिशेनं वळले. "समसे भोपळ्याचे का मटणाचे?"

ते चार दिवस अकरा दिवसांनी संपले. पाहणीसाठी प्रांताहून जुमानियोझोव साहेब आले. सडपातळ, गंभीर, बूट इतके चकचकीत की परसातल्या चिखलानं आपणहून बाजूला व्हावं. बरोबर प्रकाश मोजायचं यंत्र होतं. मास्तर त्यांच्यापुढे उभे राहिले. छत्तीस वर्षं त्यांनी मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं, त्यामुळे दुसरं काही त्यांना सुचेना.

"साहेब, गैरसमज झालाय. वर काही लावलेलंच नाही."

"ते मला दिसतंय," जुमानियोझोव शांतपणे म्हणाले. "मी काही आंधळा नाही, मास्तर. पण एक सांगा. फॉर्मात 'काहीच नाही' असा रकाना आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही तो भरला असं मला कसं म्हणता येईल? तुम्ही 'इतर' भरलं आहे. मी 'इतर' तपासायला आलो आहे. आपण आपापलं काम करू."

त्यांनी यंत्र चौकटीबाहेर धरलं, आकडा लिहिला. मग चरात उतरून आत धरलं, आकडा लिहिला. भागाकार केला. चष्मा काढून पुन्हा केला.

"शंभर टक्के," ते म्हणाले. "काच कितीही उत्तम असली तरी नव्वदीच्या आसपास अडकते. अठरा वर्षांच्या नोकरीत मी शंभर पाहिले नव्हते."

यानंतर रीतसर सगळ्या चाचण्या झाल्या. गारांसाठी होलमत-अकांनी सुपारीएवढे बारा खडे वरून टाकले. बाराही खडे आच्छादनाला कसलीही इजा न करता खाली पोहोचले, त्यातला एक मास्तरांच्या डोक्यामार्गे. धूळ साचण्याचं प्रमाण : निरंक. पिवळेपणा : निरंक. वाऱ्यानं फाटणं : शक्यता नाही. वजनामुळे चौकटीवर पडणारा ताण : निरंक. राहता राहिला उबेचा रकाना. तिथं मास्तरांच्या मनात आशा जागी झाली, कारण खोटं पडायचं असेल तर इथंच पडणार होतं. पण रकान्यातला प्रश्न असा छापलेला होता : 'आतील तापमान बाहेरील तापमानाच्या खाली जाते काय?'

जुमानियोझोवांनी तापमान पाहिलं आणि लिहिलं : 'नाही.'

दुपारी मटण-भाताचा पलोव झाला. मुहाय्योनं तो उत्तम रांधला होता, पण वाढताना तिनं झारा पातेल्यावर इतक्या जोरात आपटला की साहेबांनी दोनदा वळून पाहिलं. निघताना त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले. "आपला कारभार पारदर्शक व्हावा असं वरचे साहेब प्रत्येक सभेत सांगतात. प्रत्यक्षात आणून दाखवणारे तुम्ही पहिले."

आठवड्यानं प्रमाणपत्र आलं, सोनेरी चौकटीसकट. 'प्रांतातील सर्वाधिक पारदर्शक हरितगृह.' खाली बारीक अक्षरात : 'आदर्श नमुना म्हणून घोषित. स्वरूपात बदल करण्यास मनाई.' मास्तर ते घेऊन समितीत गेले आणि दिलफुझाकडे रकाना बदलायचा अर्ज मागितला. अर्ज होता. त्यात पहिलाच प्रश्न होता, की सध्याचं आच्छादन कोणत्या दोषामुळे काढून टाकायचं आहे. सोबत पाहणी अहवालाची प्रत जोडायची होती. मास्तरांनी अहवाल पुन्हा वाचला. दोष : निरंक.

"दुसरं काही कारण लिहू का?" दिलफुझानं मनापासून विचारलं. ती वाईट बाई नव्हती. "नैसर्गिक आपत्ती? पूर? आग?"

"थंडी लिही."

"थंडी सगळ्यांनाच पडते, मास्तर. ती आपत्तीत नाही."

सोळा नोव्हेंबरला ती पडलीच. मुहाय्योनं दिवस मावळायच्या आतच रोपांवर घरातल्या रजया पांघरल्या होत्या, कडांना विटा ठेवल्या होत्या. सकाळी उठून पाहिलं तर हौदातलं पाणी काचेसारखं कडक झालेलं आणि वाऱ्यानं एका कोपऱ्यातली रजई उडालेली. कडेचं रोप काळं पडलं होतं. पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती.

मुहाय्यो रडली नाही. आत जाऊन ओलं फडकं घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे पहिल्या रोपापासून पानं पुसायला लागली. सातव्यापाशी आल्यावर तिनं त्याचीही पानं पुसली, ती हातात गळून येत होती तरी. मास्तर चराच्या काठावर उभे होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण जगातल्या एकाही नदीचं नाव तिथं उपयोगाचं नव्हतं.

"त्यानं ही माझ्या नावानं बांधली होती," ती खाली बघतच म्हणाली. "वहिनीनं चिठ्ठी बांधलेली होती प्रत्येकाला. तुम्हाला सांगितलं नाही मी."

मग तिनं फावडं घेतलं, उरलेली सहा रोपं मुळांच्या मातीसकट काढली आणि बादल्यांत, डब्यांत, एक तर कपडे धुवायच्या टपात घालून पाहुण्यांच्या खोलीत नेऊन ठेवली. ज्या खोलीत घरचं माणूस सणालासुद्धा बसत नसे त्या खोलीत, लग्नातल्या गालिच्यावर. मास्तरांनी दोन बादल्या वाहिल्या.

यातून नवी अडचण निर्माण झाली. आदर्श नमुना पाहायला शेजारच्या तालुक्यातून शिष्टमंडळ यायचं होतं, आणि नोंदीत रोपं सात होती. होलमत-अकांनी रिकामा चर पाहून कपाळावर हात मारला, पण ते हिंमत हरणारे गृहस्थ नव्हते. संध्याकाळी त्यांनी लग्नाच्या हॉलमधून प्लास्टिकची सात लिंबाची झाडं आणून चरात रोवली. प्रत्येकाला अकरा पिवळीधमक लिंबं. दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं. शिष्टमंडळ आलं, गुडघाभर बर्फात लगडलेली झाडं पाहिली, फोटो काढले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हळूच एक लिंबू दाबून पाहिलं, मग होलमत-अकांकडे पाहिलं, मग स्वतःच्या अध्यक्षांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "छान जोर आहे झाडांना."

कुणी फसलं नव्हतं, हे इथं नोंदवलं पाहिजे. तालुक्याला माहीत होतं, प्रांताला माहीत होतं, शिष्टमंडळाला तर हातानं दाबून माहीत झालं होतं. फक्त ते कुठं लिहायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

डिसेंबरच्या दहा तारखेला परिपत्रक निघालं. गुलाबाद मोहल्ल्यातील सर्व हरितगृहांनी महिनाअखेरपर्यंत आदर्श नमुन्याप्रमाणे 'इतर' आच्छादन स्वीकारावे. ते वाचून मास्तर बोटांवर मोजू लागले. चाळीस घरं. चाळीस घरांच्या काकड्या, टोमॅटो, मुळे. सगळ्यांच्या काचा आणि प्लास्टिक आता आपल्यापायी उतरणार. सगळ्यात आधी डोळ्यांपुढे आला तो कोझिम. ज्यानं फुकट चौकट बांधून दिली त्याच्याच डोक्यावरचं छप्पर आपण काढवलं. त्यांनी नवातचा, म्हणजे खडीसाखरेचा, एक मोठा खडा कागदात बांधून घेतला आणि क्षमा मागायला शेजारी गेले.

कोझिम त्याच्या ग्रीनहाऊसमध्ये बनियनवर बसला होता. आत चांगलं गरम होतं, काचांवर घाम साचून ओघळत होता, वेलींना काकड्या लटकल्या होत्या.

"कोझिम, भावा, मला माफ कर. तुला आता ही काच काढावी लागणार."

"काढली की," कोझिम काकडीला मीठ लावत म्हणाला. "मंगळवारीच काढली."

मास्तरांनी वर पाहिलं. मग बोटानं टकटक वाजवून पाहिलं. "मग हे काय आहे?"

"हे? हे 'इतर' आहे." त्यानं अर्धी काकडी पुढे केली. "दिलफुझा आली होती. म्हणाली, काय लिहू? मी म्हटलं, परिपत्रकात काय म्हटलंय ते लिही. झालं. सगळ्या मोहल्ल्यानं तेच केलंय. चाळीसच्या चाळीस. होलमत-अकांच्या घरीसुद्धा दुहेरी काच आहे, तीही 'इतर'."

"म्हणजे छप्पर नसलेलं ग्रीनहाऊस साऱ्या प्रांतात..."

"तुमचं एकट्याचं, मास्तर. नियमाप्रमाणे वागलेलं तेवढंच."

मास्तर काकडी हातात धरून तसेच रस्त्यानं होलमत-अकांकडे गेले. अध्यक्ष चहा पीत होते.

"होलमत-अका, सगळ्यांच्या छपरावर काच आहे!"

"असणारच. हिवाळा आहे."

"आणि माझे आठ पत्रे भिंतीला टेकून उभे आहेत! दीड महिना!"

"मग चढवा की. आम्ही काय धरून ठेवलेत?"

"तुम्हीच तर धावत आलात! हात लावू नका म्हणालात!"

"मी म्हणालो," होलमत-अकांनी प्याला खाली ठेवला. त्यांच्या आवाजात खरीखुरी कळकळ होती. "मला म्हणायलाच लागतं, मास्तर, पगार त्याचाच आहे. पण मी म्हणालो म्हणून तुम्ही ऐकलंत? इतकी वर्षं या मोहल्ल्यात काढलीत, कुणी माझं ऐकताना पाहिलंय का तुम्ही? रकान्याला हात लावू नका, छपराचं काय वाटेल ते करा. यात इतकं काय समजावून सांगायचं?"

मास्तरांनी हातातली काकडी प्याल्याशेजारी ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. हे मला लेखी द्या."

"काय लेखी?"

"हेच. की पत्रे चढवावेत, पण रकाना 'इतर'च ठेवावा."

होलमत-अका आधी हसले, आणि मास्तर हसत नाहीत हे पाहून घाबरले. "अहो, ते लिहून दिलं तर खोटं होईल! तोंडी आहे तोवर नुसता सल्ला आहे. कशाला एका सज्जन माणसाला खोटं लिहायला लावता?"

पण मास्तरांचा आता निर्णय झाला होता, आणि आयुष्यात एवढ्या पटकन त्यांचा निर्णय कधी झाला नव्हता. ते तालुक्याला गेले. तिथं त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आदर्श नमुन्याचे जनक म्हणून तीन अधिकारी त्यांच्याबरोबर फोटोला उभे राहिले. लेखी मात्र मिळालं नाही. ते प्रांताकडून मागवावं लागेल असं ठरलं. ते परत गेले. पुन्हा गेले. चौथ्या खेपेला, डिसेंबरच्या शेवटच्या बुधवारी, त्यांना असं सांगण्यात आलं की त्यांच्या अर्जाचा विषय फॉर्ममधल्या कुठल्याच प्रकारात बसत नाही, तरी काळजी नसावी, नवा प्रकार निर्माण करण्यासाठी समिती नेमण्यात येत आहे आणि तिचे मानद सदस्य म्हणून त्यांचंच नाव सुचवलेलं आहे.

मास्तर बसनं घरी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. परसात पाऊल टाकलं आणि ते जागीच थांबले. चौकटीवर आठही पत्रे चढलेले होते. रबरी पट्ट्या, स्क्रू, कडेनं मातीचा लिंपा. कोझिमची हत्यारं अजून तिथंच पडली होती. प्लास्टिकची झाडं कचऱ्याच्या ढिगावर आडवी होती, लिंबांसकट. पत्र्याच्या आतून अंधुकशी मुहाय्योची आकृती हलताना दिसली. सहा रोपं पुन्हा चरात गेली होती. सातव्याच्या जागी माती सपाट केलेली होती, तिथं तिनं काहीच लावलं नव्हतं.

मास्तरांनी छोटं दार ढकललं. ऊब त्यांच्या चष्म्यावर आली.

"मुहाय्यो," ते दारातूनच म्हणाले, "परवानगी अजून आलेली नाही."

मुहाय्यो पान पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"मग बाहेर थांबा," ती म्हणाली. "आली की आत या."

आणि मास्तर खरंच थांबले. किती वेळ, यावर मोहल्ल्यात दोन मतं आहेत. कोझिम म्हणतो पाच मिनिटं. दिलफुझाच्या नोंदीत 'सध्या बाहेर' असं आहे, आणि ती नोंद अद्याप कुणी बदलून घेतलेली नाही.

इथवर वाचून ज्यांना मास्तरांचं हसू आलं, त्यांना एकच विनंती आहे. गेल्या वर्षभरात तुम्ही सही करून दिलेला एखादा कागद आठवा. त्यात लिहिलेलं तुम्ही केलं होतंत, की केल्याचं लिहून दिलं होतंत? केलं असेल, तर मास्तरांच्या शेजारी जागा आहे. येताना स्वेटर आणा. नुसतं लिहून दिलं असेल, तर खुशाल आत या. फक्त दार नीट ओढून घ्या, ऊब जाते.